वसुधावहिनींचे नाजूक हात

आमच्या मोठ्या जाऊबाई, वसुधावहिनी, लग्नाला जाताना पर्समध्ये स्वतःचा साबण नेतात. बिनवासाचा. पंगत उठल्यावर कुणी साबणाची वडी पुढे केली, तर म्हणतात, "नको हो, माझ्या हातांना चालत नाही."

वहिनींच्या हातांना पुष्कळ काही चालत नाही. भांड्यांची पावडर, कांदा, कोलंबी, कढत पाणी. वर्षानुवर्षं खाज सुटते, भेगा पडतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडे करा, लगेच मलम लावा, कामाला आत सुती आणि वर रबरी मोजे घाला. वहिनी हे देवपूजेसारखं करतात. कोलंबी सोलते मी, भांडी घासते मी. त्यांचं मलम संपलं की माझाच नवरा लगेच स्कूटर काढतो. माझ्या गुडघ्याचं तेल त्याला कधी आठवत नाही. मला हेवा वाटतो, आणि तो मी लपवतही नाही.

त्यात आमचा निखिल. पोटचा माझा, पण मुंबईहून फोन करतो तो त्याच्या मोठ्या आईला. वहिनींना मूलबाळ नाही, हे मला कळतं. तरी फोन वाजला की माझा जळफळाट होतो.

दरवर्षी शिमग्याच्या सुमारास वहिनींचे हात हटकून बिघडतात. "नवीन कशाला हात लावलात का?" डॉक्टरीणबाई विचारतात. वहिनी साळसूदपणे नाही म्हणतात. मलम बदलतं, हात तसेच.

यंदा शिमग्याला निखिल यायच्या आदल्या दिवशी मी सहज मागच्या पडवीत गेले, तर वहिनी उघड्या हातांनी ओले काजू चिरून गर काढत बसलेल्या. काजूचा चीक धडधाकट कातडीही भाजून काढतो. यांच्या तर भेगांत उतरला होता.

"वहिनी, मोजे कुठे तुमचे?"

"मोज्यांनी गर मोडतो गो. निखिलला उसळीत अख्खा लागतो."

म्हणजे दरवर्षी 'बाजारातून आणले' म्हणून वहिनी माझ्यापुढे ठेवायच्या, ते गर हे. उसळ दरवर्षी मी करते. "आई, अशी उसळ तुलाच जमते," असं निखिल म्हणतो, आणि वहिनी शेजारी बसून मान डोलावतात.

चीक बाधू नये म्हणून मी तळहातांना खोबरेल चोळून त्यांच्या हातची सुरी घेतली. पहिलाच गर मोडला.

वहिनींनी सुरी काढून घेतली. "राहू दे मंगल. तुझे हात पोळतील."