हेमाच्या गालांची हजेरी

हजेरीच्या यंत्रानं तिसऱ्यांदा नाकारलं, तेव्हा हेमानं चष्मा काढला, केस मागे सारले आणि पुन्हा समोर उभी राहिली. यंत्र गोड आवाजात म्हणालं, "स्वागत आहे, अनिल सरपोतदार."

शिपाई महिपत हसून हसून स्टुलावर बसला. "बाई, तुमी तर सायेब झालात!"

दोष गालांचा होता. हेमाला आनुवंशिक आजार. एक एंझाइम जन्मापासूनच कमी, त्यामुळे पानथरीत, म्हणजे प्लीहेत, चरबी साठायची. त्यावरचं औषध दर पंधरवड्याला कोल्हापूरला जाऊन सलाइनमधून घ्यावं लागे. हल्ली त्यानं अंगावर गांधी उठायला लागल्या, म्हणून डॉक्टरांनी काही आठवडे स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. गांधी गेल्या, पण खारकेसारखा सुकलेला चेहरा तळलेल्या वड्यासारखा टम्म फुगला. आणि कचेरीत असा दुसरा चेहरा एकच, साहेबांचा.

तक्रार करायची तीही साहेबांकडेच. ते मात्र रजा न टाकता मालगुंडला स्वतःच्या आंब्याच्या कलमांवर फवारणी करून घेत होते. हेमा रोज यायची, रोज अर्ज लिहून त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि यंत्र रोज साहेबांची हजेरी लावायचं.

सातव्या दिवशी वरच्या कचेरीतून दोन पत्रं आली. साहेबांचं वक्तशीरपणाबद्दल कौतुक, आणि हेमाच्या सहा रजा कापल्या. कोल्हापूरसाठी एकेक रजा तिनं जपून ठेवली होती.

पत्राची बातमी लागताच साहेब धावत आले.

"माझे सहा दिवस भरा, तुमचे काढा," हेमा म्हणाली.

"माझे कशाला? मी नव्हतो, पण चेहरा होता ना!"

"मग वर असंच कळवू का?"

साहेबांनी लगेच पेन काढलं. सहा दिवस हेमाला परत मिळाले. डॉक्टरांचं पत्र जोडून, चेहरा नव्यानं नोंदवायचा अर्जही वर गेला. उत्तर आलं: 'चेहरा तात्पुरता असल्याने नवी नोंद करता येत नाही. पूर्ववत होईपर्यंत कार्यालयप्रमुखांनी रोज पावणेदहाला समक्ष ओळख पटवून सही करावी.'

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला साहेब धापा टाकत मालगुंडहून हजर. सही करता करता त्यांनी विचारलं, "हेमाताई, गोळ्या कधी हो बंद होणार?"

"हळूहळूच कमी करायच्या असतात, साहेब," हेमा म्हणाली. "एकदम बंद केल्या तर तब्येतीला धोका. डॉक्टर म्हणाल्या, अजिबात घाई करायची नाही."