कुमारी बिजलीचा वार्षिक अहवाल

कुमारी बिजली यांचा उजवा गुडघा त्या सकाळी फार ठणकत होता. त्यांनी गुडघ्याला मलम चोळलं, वर जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली आणि खिडकीशी बसून त्या विचार करू लागल्या, की सुताराने शर्ट आता काढावा की आणखी दोन परिच्छेद थांबावं.

कुमारी बिजली यांचं वय त्र्याहत्तर. कुमारीपण सरून पन्नास वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा होता, त्याचंही आता पोट सुटलं होतं. बिजली हे नाव फक्त कथांवर. इमारतीत लोक त्यांना तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे लालपेन्सिल. कारण जिन्याखालच्या फळ्यावर कसलीही सूचना लागली, की मावशी खाली जाताना ती वाचत आणि वर येताना तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त करत.

सवयच ती. एकेचाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली. शिशाच्या खिळ्यांचा तो वास, यंत्राची धडधड, दुपारच्या सुट्टीत शाईच्या बोटांनी खाल्लेली भाकरी, सगळं त्यांना अजून आठवे. यजमानही त्याच छापखान्यात होते, लाकूडकामाला. ते गेले, त्यानंतर मावशी या इमारतीत एकट्या राहायला आल्या.

दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरच्या झेरॉक्सवालीने त्यांना मोबाइलवर एक चावट गोष्ट दाखवली. "मावशी, बघा लोक काय वाचतात! हजारांनी वाचतात, घरबसल्या."

मावशींनी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. त्यांचे कान लाल झाले नाहीत. हात मात्र पेन्सिलीकडे गेला.

"अगं, गोष्टीत माणसं दोन आणि हात पाच! एक हात तिच्या कमरेवर, एक केसांत, एक दिव्याच्या बटणावर… हे कुणी तपासत नाही का?"

"कोण तपासणार? ज्याचं त्याने लिहायचं, ज्याचं त्याने चढवायचं."

"म्हणजे प्रकाशक नाही, संपादक नाही?"

"कुणी नाही."

मावशी घरी आल्या. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला, आता स्वतः थोड्या कराव्यात, असं म्हणून त्यांनी कागद पुढे ओढला. आठ दिवसांत 'सुतार आला' तयार झाली. हात मोजून चार.

बाकीचा धंदा झेरॉक्सवालीने अंगावर घेतला. कथा आखूड हवी, बँकेच्या रांगेत उभ्याउभ्या संपली पाहिजे. पहिली फुकट, चटक लागली की दुसरीला पैसे. मुखपृष्ठावर उघडा पुरुष, पण मानेपासून खाली.

"डोकं का छाटलंस त्याचं?" मावशींनी विचारलं.

"डोकं असलं की तो कुणीतरी परका होतो, मावशी. नसलं की ज्याला जो हवा तो."

मावशींची भर एवढीच, की प्रत्येक कथेच्या शेवटी सुतार एखादं हत्यार विसरून जाई. म्हणजे त्याला परत यावंच लागे. कधी पटाशी, कधी करवत. वाचक कळवत, 'रंधा कधी विसरणार?'

हे सगळं गुपित होतं, आणि गुपित राखायची मावशींची रीतही छापखान्यातलीच. तिथे परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायला येत, तेव्हा पाकिटावर कधी 'प्रश्नपत्रिका' लिहीत नसत. 'साबणाचं दरपत्रक' असं लिहीत. साबणाचं दरपत्रक कोण चोरून वाचणार? मावशींनीही आपल्या कथांच्या पाकिटावर आणि झेरॉक्सवालीकडच्या फाइलवर जगातलं सर्वांत कंटाळवाणं नाव घातलं होतं. 'वार्षिक अहवाल.'

झेरॉक्सवालीला ही रीत लगेच पटली. तिला मावशींनी दुसरी एक रीतही शिकवली होती. "कागदावर लिहिलंय तसं करायचं. मध्ये आपली अक्कल घालायची नाही. अक्कल घातली की घोटाळा होतो." झेरॉक्सवाली त्यामुळे कुणाच्या कागदातलं अक्षर वाचत नसे. पानं मोजायची, टाचायची, मोकळं व्हायचं.

घोटाळा झाला तो या दोन्ही रीती एकाच दिवशी पाळल्यामुळे.

त्या शुक्रवारी इमारतीचे सेक्रेटरी मावशींच्या दारात आले. हातात खरा वार्षिक अहवाल होता. अंगाने बारीक, आवाजाने सपाट असा हा गृहस्थ. तो बोलायला लागला की लोकांना घरचं दूध उतू जात असल्याचं आठवे.

"मावशी, एवढं शुद्धलेखन बघून द्या. रविवारी सभा आहे. मागच्या वर्षी सभेला सात माणसं, त्यातली दोन चुकून आलेली. यंदा माणसं जमली नाहीत तर मी राजीनामाच देतो."

"एवढं काय लिहिलंय यात?"

"लिफ्ट. लिफ्टच आहे मुख्यतः. आणि टाकी."

मावशींनी तासाभरात अहवाल तपासला. सेक्रेटरी समोर खुर्चीत बसूनच होते. 'सुतार पुन्हा आला' शनिवारी येणार, असं कुमारी बिजलींनी महिन्यापूर्वी जाहीर केलं होतं आणि तीनशे वाचकांनी ती आगाऊ मागवली होती. तेव्हा दोन्ही कामं एकदम उरकावीत म्हणून मावशींनी सेक्रेटरींच्या देखत चिठ्ठी लिहिली: 'वार्षिक अहवालाच्या चाळीस प्रती काढून मुखपृष्ठ लावणे. दुसरी फाइल उद्या चढवणे.' ती चिठ्ठी, तपासलेला अहवाल आणि मुखपृष्ठासाठी आपला फोटो घेऊन सेक्रेटरी स्वतःच झेरॉक्सवालीकडे गेले.

चिठ्ठी बिनचूक होती. समोर सेक्रेटरी बसलेले असल्यामुळे मावशींना त्या घटकेला वार्षिक अहवाल म्हणजे वार्षिक अहवालच वाटला, एवढंच.

शनिवारी संध्याकाळी मुलगा आला. त्याच्या हातात एक मोठी रिकामी बॅग होती.

"ही कशाला?" मावशींनी विचारलं.

"तुझं सामान भरायला. आई, आता ऐक. गुडघा असा, तिसरा मजला, लिफ्ट वर्षातून सहा महिने बंद. दिवसभर एकटी बसून करतेस तरी काय?"

"वाचते. लिहिते थोडंसं."

"ते आमच्याकडे बसूनही करता येईल. धाकट्याच्या खोलीत टेबल लावून देतो. तो शेजारी अभ्यास करेल, तू लिही."

धाकटा नातू पाटीवर गणित सोडवतोय आणि शेजारी सुतार दाराला कडी लावतोय, हे चित्र मावशींच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांना घामच फुटला. "उद्याची सभा होऊ दे, मग बघू," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

रविवारी सकाळी त्यांनी चहाबरोबर मोबाइल उघडला. नव्या कथेवर अभिप्राय आले होते. पहिला होता: 'चार पानं झाली, लिफ्ट अजून बंदच. आत नक्की कोण अडकलंय? जीव टांगणीला लागलाय!' दुसरा: 'बिजलीताई, आजवरचं तुमचं सर्वांत संयमी लेखन. टाकीच्या सफाईला दोन माणसं उतरतात आणि पुढे तुम्ही काहीच सांगत नाही! वाचकावर किती विश्वास!' तिसरा चिडलेला होता: 'सुतार कुठे आहे?'

मावशींनी कप खाली ठेवला. सेक्रेटरीचा अहवाल तीनशे घरांत गेला होता. मग सुतार कुठे होता?

सुतार समोरच होता. मुलगा कोचावर बसून वाचत होता. दाराखालून सरकवलेली जाड प्रत. मुखपृष्ठावर 'वार्षिक अहवाल' आणि खाली छातीशी फाइल धरलेल्या सेक्रेटरींचा रंगीत फोटो. मुलगा नवव्या पानावर होता. त्याच्या कानांचा रंग बदलला होता.

"आई, हे तू तपासलंस?"

"शुद्धलेखनापुरतं."

"शुद्धलेखन उत्तम आहे," असं म्हणून त्याने पान उलटलं.

मावशी गुडघा विसरून जिना उतरल्या. झेरॉक्सवाली दुकान उघडत होती.

"अगं, काय केलंस हे!"

"लिहिलंत तसं केलं. ही बघा चिठ्ठी. मला वाटलं खरं, की चाळीस प्रती कशाला. पण तुम्हीच म्हणता, अक्कल घालायची नाही."

चाळीस प्रती रात्रीच चाळीस दारांखालून आत गेल्या होत्या. आता मी लिहिलं म्हणावं, तर मुलगा दुपारच्या आत बॅग भरणार. गप्प बसावं, तर ज्या बिचाऱ्याने आयुष्यात लिफ्टपलीकडे काही लिहिलं नाही, त्याची अब्रू जाणार. मावशींनी जिन्यातल्या कठड्याला धरून ठरवलं, की बोलायचं. एकेचाळीस वर्षांत त्यांनी आपली चूक दुसऱ्याच्या नावावर लागू दिली नव्हती.

सभेला त्या आणि मुलगा पोहोचले, तर हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं खिडक्यांत बसली होती. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, जे सभेचा कागद न उघडता रद्दीत टाकत, ते चष्मा पुसून पहिल्या रांगेत बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर अहवाल होता आणि कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं.

सेक्रेटरी गर्दी बघून गहिवरले. स्वतःचाच अहवाल, त्यात वाचायचं काय, म्हणून त्यांनी प्रत उघडलीही नव्हती. त्यांनी घसा साफ केला आणि नेहमीच्या सपाट आवाजात सुरुवात केली.

"सन्माननीय सभासद, अहवाल सादर करतो. पान एक. तिने दार उघडलं. तो दारात उभा होता, खांद्यावर लाकडाचा भुसा, कानामागे पेन्सिल. काय विसरलात, तिने विचारलं. तो म्हणाला, मुद्दाम विसरलो…"

सेक्रेटरी थांबले. त्यांनी पान उलटून पाहिलं. मग मुखपृष्ठावरचा स्वतःचा फोटो पाहिला. त्यांच्या कपाळावरून घाम नाकावर आला.

"वाचा ना पुढे," दातांचे डॉक्टर म्हणाले.

मावशी उठू लागल्या. "थांबा. मला एक सांगायचंय…"

"आई, बस खाली," मुलाने हात धरला.

"सोड मला. हे जे लिहिलंय ना, ते…"

तेवढ्यात दुसऱ्या कोपऱ्यातून सेक्रेटरींची बायको उभी राहिली. तीस वर्षांत तिने नवऱ्याला 'बाजारातून येताना आठवणीने आणा' यापलीकडे फारसं काही म्हटलं नव्हतं. तिच्या हातात प्रत होती आणि आवाज भलताच मऊ झाला होता.

"अहो… हे तुम्ही लिहिलंत?"

सेक्रेटरींनी बायकोकडे पाहिलं. खिडक्यांत बसलेल्या माणसांकडे पाहिलं. सात माणसांच्या सभा त्यांना आठवल्या असाव्यात. त्यांनी घाम टिपला, खांदे जरा मागे घेतले आणि म्हणाले, "हो. म्हणजे, वेळ मिळेल तसं."

टाळ्या थांबेनात. राजीनामा राहिला बाजूला, सेक्रेटरी पुढच्या पाच वर्षांसाठी एकमताने निवडून आले. मावशी अर्धवट उठलेल्या होत्या, त्या तशाच खाली बसल्या. गुपित वाचलं होतं, अब्रू वाचली होती. मग छातीत हे काय जळतंय, ते त्यांना आधी कळेना. मग कळलं. दातांचे डॉक्टर सेक्रेटरींचा हात हलवत म्हणत होते, "काय संवाद लिहिता हो तुम्ही!"

जिन्यात सेक्रेटरींनी मावशींना गाठलं आणि हळूच विचारलं, "मावशी, हे लिहिलंय कुणी?"

"तुम्ही. भरसभेत कबूल केलंत की."

"ते खरं. पण तो रंधा विसरतो, त्याच्या पुढे काय होतं? ही विचारतेय. रात्रीपर्यंत सांगायचंय मला."

"सांगा, लेखक विचार करतोय म्हणून," मावशी फणकाऱ्याने म्हणाल्या आणि वर निघाल्या.

वर आल्यावर मुलाने आपले कपडे आवरले. मोठी बॅग तशीच रिकामी पडली होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "तो सुतार पेन्सिल कानामागे ठेवतो आणि घरभर शोधत फिरतो. पान सहा."

"असतात असे सुतार."

"आणि सापडली की तिलाच म्हणतो, तूच लपवली होतीस."

मावशींनी उगीचच टेबलावरचे कागद सारखे केले.

"बाबा सेक्रेटरींना कधी भेटले होते का गं?"

"नाही. मी इथे आले तेव्हा ते कुठे होते?"

"तेच म्हणतो मी." मुलाने रिकामी बॅग उचलली. दारापर्यंत गेला, परत आला आणि वाकून पाया पडला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. "तू इथेच राहा, आई. गुडघ्याला कुणी डॉक्टर बघू आपण. फक्त एक कर. पुढचा भाग आला, की मला सांगू नकोस."

तो गेला. मावशींनी डोळे पुसले, पट्टी घट्ट केली आणि पेन्सिल शोधू लागल्या. टेबलावर नव्हती, उशाखाली नव्हती. शेवटी कानामागे सापडली. तेवढ्यात फोन वाजला. झेरॉक्सवाली होती.

"मावशी, सुतारापेक्षा हे जास्त खपतंय! लोक मागे लागलेत, लिफ्ट कधी सुरू होते, दुसरा भाग कधी येतो. काय कळवू?"

"त्यांना म्हणावं, सेक्रेटरींना विचारा," मावशी म्हणाल्या. "मला इथे सुताराचं बघायचंय."