आल्बारिन्योचा प्रसाद

सानपाड्याच्या विठ्ठलमंदिरात गोवर्धनबुवांचे भजन नित्यनेमाने होई, आणि तितक्याच नित्यनेमाने ते ऐकावयास कोणी नसे. मृदंगावर तुळशीराम असे. परंतु तोही दुसऱ्या अभंगास डुलक्या घेई (बुवा त्यास भावसमाधी म्हणत). एकदा तरी देऊळ भरावे, एवढेच बुवांचे देवाकडे मागणे होते.

बुवांचा भाचा जयदेव बोटीवर खलाशी. त्याने स्पेनच्या किनाऱ्यावरून आणलेल्या द्राक्षाच्या काडीला अंगणात तिसऱ्या वर्षी घोस लटकले. जातीचे नाव आल्बारिन्यो.

"मामा, तिकडं हिची पांढरी वाइन करतात, मासलीसंगती पितात."

"शिव शिव! दारूबंदीच्या राज्यात, माळकऱ्याच्या अंगणात? अरे, ही प्रसादाची द्राक्षे. प्रसादाला माणसे धावतात!"

"पन आंबट हाय, मामा."

"भगवंताच्या दारी कारलेही गोड होते."

पहिल्या संध्याकाळी प्रसाद तोंडात पडताच तुळशीरामाची समाधी खाडकन उतरली. बारीक हिरवट मणी, जाड साल, लिंबासारखा सुवास आणि दात शिवशिवतील अशी आंबटाई! आलेल्या चार बायकांनी उरलेला प्रसाद पदरात बांधून निमूट घर गाठले.

आणि दुसऱ्या दिवशी देऊळ तुडुंब! बुवांचा आवाज कळसाला भिडला.

"पाहिलेस?" ते पत्नीला, दमयंतीला म्हणाले. "द्राक्षात नसेना का, गळ्यात गोडवा हवा."

तिसऱ्या दिवशी शेजारच्या गोजराने त्यांना वाटेत अडविले. "बुवा, आज भजन लवकर आटपा हां. घरात जिताडा आनलाय."

"भजनाचा आणि माशाचा काय संबंध?"

"अवो, तुमचा परसाद! कालवनात चार मनी चेचून टाकले, तं चिंच-कोकम झक मारतंय. आमचा म्हातारा ताट चाटतो. सारा गाव त्यासाठीच येतो नं!"

बुवा तडक घरी आले आणि कोयता घेऊन वेलाकडे निघाले. दमयंती ओट्यावरून हलली नाही.

"तोडा. मंग गानं कोनाला ऐकवनार? तुळशीरामाच्या घोरन्याला?"

कोयता हवेत थांबला. मग त्याने संध्याकाळपुरते घोस तेवढे उतरविले.

"माणसे जिभेसाठी आली, तरी नाम कानात शिरतेच," बुवा निश्चयाने म्हणाले. "आता घोस संपले तरी कोणी हलायचे नाही!"

घोस संपले. त्या संध्याकाळी बुवांनी डोळे मिटून, देहभान विसरून अभंग आळविला. डोळे उघडले, तेव्हा तुळशीरामही निघून गेला होता. पांडुरंग तेवढे समोर उभे होते. पण त्यांना विटेवरून उतरण्याची सोय नव्हती.