दिघोऱ्यांना मासा लागत नाही

दिघोरे आंघोळ बादलीनं करतात. घरात चांगला ऐसपैस टब आहे, पण त्यात मासे असतात. रबराचे, प्लॅस्टिकचे, एक-दोन पत्र्याचे.

हे मला कळलं २०२१ च्या फेब्रुवारीत. नेदरलंड्समधल्या लायडस्खेनडामला आमच्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर आणि दिघोरे तळमजल्यावर. कोरोनामुळे तेव्हा घरी दिवसाला एकच पाहुणा चालायचा. त्या रविवारचा पाहुणा मी होते, कढीपत्ता मागायला गेलेली. दार नुसतं लोटलेलं. आत दिघोरे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टबाच्या काठाशी उकिडवे बसले होते आणि दोऱ्याला बांधलेली एक हिरवी अळी पाण्यातून ओढत होते. मान वर न करता म्हणाले, "ताई, जरा बाजूला व्हा. पाण्यावर सावली पडतेय."

मी बाजूला झाले. आपण बाथरूममध्ये उभ्या आहोत, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दिघोरे सॉफ्टवेअर टेस्टर. वय चाळिशीचं, राहणं एकट्याचं, बोलणं कमी, आणि प्रत्येक गोष्टीला प्रश्न एकच: "रिप्रोड्यूस झालं का?" म्हणजे तीच गोष्ट तशीच पुन्हा घडली का. एकदा घडलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. मी एकदा लिफ्टमध्ये अडकले. बाहेर आल्यावर कोणीतरी पाणी तरी विचारावं. दिघोरे लिफ्टमध्ये शिरले, अकरा वेळा वरखाली करून आले आणि म्हणाले, "मला नाही अडकवलं, ताई. तक्रार क्लोज करतो." पुढच्या आठवड्यात मी पुन्हा अडकले, तेव्हा बाहेरून त्यांचा आवाज आला. इतका आनंदी आवाज मी त्या अख्ख्या हिवाळ्यात ऐकला नव्हता.

मला गोड गोड बोलता येत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, तिथून डेल्फ्टपर्यंत आले ती तोंडावर बोलूनच. त्यामुळे टब पाहिल्यावर मी सरळ विचारलं, तुम्हाला बरं आहे ना? त्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि लॅपटॉप उघडला.

इथल्या कालव्यांत बार्स नावाचा मासा असतो. हिरवट अंगावर काळे पट्टे, पोटाखालचे पर लालभडक, पाठीवर काटे. एक एप्रिलपासून मे संपत येईपर्यंत खोट्या आमिषानं मासे धरायला बंदी असते, म्हणजे दिघोऱ्यांच्या हातात सहा आठवडे होते. परवाना काढून झाला होता. एक्सेलमध्ये तक्ता तयार होता. त्यात आमिषाचा रंग, वजन, पाण्याची खोली, ऊन, वारा आणि शेवटी एक रकाना, 'निकाल'. तो वरपासून खालपर्यंत रिकामा.

आमिषांना त्यांनी नावं दिली होती. चमचमणारं, पाण्यावरून फडफडत जाणारं, प्रचंड आवाज करणारं एक होतं, त्याचं नाव 'मॅनेजर'. ते टाकलं की आसपासचे मासे गाव सोडून जातात, असं त्यांचं निरीक्षण. करंगळीएवढी, मातकट, तळाशी पडून राहणारी आणि क्वचित शेपूट हलवणारी रबरी अळी म्हणजे 'ऑडिटर'. गार पाण्यात ऑडिटर चालतो, हा सिद्धांत. फक्त तो सिद्ध होत नव्हता.

पाण्याचं तापमान मोजायला त्यांनी पहिल्या दिवशी तापाचा थर्मामीटर सुतळीनं व्लीट कालव्यात सोडला. त्या वर्षी प्रत्येकाच्या घरात तो होताच. त्यावर 'लो' एवढंच आलं. "व्लीटला ताप नाही," दिघोऱ्यांनी गंभीरपणे नोंद केली.

आता खरी गोष्ट सांगते. दिघोऱ्यांचे वडील भंडारा जिल्ह्यातल्या एका तळ्यावर जन्मभर मासे धरत आले. एवढं ऐकून मी म्हटलं, मग तर हे तुमच्या रक्तातच असणार. तर ते म्हणाले, रक्तात असेल, हातात नाही. बाबांनी त्यांना कधी जाळ्याला हात लावू दिला नाही. हे डोंग्यात चढले की बाबा कान धरून खाली उतरवायचे आणि पुस्तकापुढे बसवायचे. पोरगा शिकला पाहिजे, त्याच्या अंगाला मासोळीचा वास येता कामा नये. पोरगा शिकला. गाठ कशी मारायची, हे चाळिसाव्या वर्षी यूट्यूबवर बघायला लागला. मी हसले नाही. माझ्या आईनं मला भाकरी थापू दिली नव्हती, अभ्यास बुडतो म्हणून.

पहिल्या लाटेत त्यांची आई गेली. विमानं बंद होती. चुलतवहिनीनं धरलेल्या फोनवर त्यांनी सगळं पाहिलं. त्यानंतर बाबा बोलेनासे झाले. रोज फोन व्हायचा. बाबा "हो" म्हणायचे, "जेवलो" म्हणायचे आणि फोन वहिनीकडे द्यायचे. तळ्यावर जाणं त्यांनी सोडलंच होतं. ओसरीत बसून असतात, वहिनी सांगायची. सहा-सात महिने असे गेले.

मग त्या फेब्रुवारीत कालवे गोठले. सगळं गाव बर्फावर घसरायला बाहेर पडलं, म्हाताऱ्या बायका, तान्ही पोरं, सगळे. दिघोऱ्यांनी काही सुचेना म्हणून तेच फोनवरून बाबांना दाखवलं. बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मंग मासोळ्या कुठी जातेत?"

महिन्यांनंतरचा पहिला प्रश्न. दिघोऱ्यांना उत्तर माहीत नव्हतं. बर्फ वितळायच्या आत त्यांनी गळाची काठी मागवली.

तेव्हापासून दुपारी दोनचा फोन ठरला. तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. बाबा आधी विचारणार, लागला का. दिघोरे म्हणणार, नाही. आणि मग बाबा बोलायला लागणार. पाच मिनिटं, दहा मिनिटं, एकदा तर पाऊण तास. गार पाण्यात मासोळी आळशी असते, तिला धावायला लावू नको. सकाळी जाऊ नको, दुपारी जा, ऊन लागलेल्या काठाला जा. दगड तापतात, त्यांच्या आडोशाला ती येऊन बसते. गळाची गरी तिच्या तोंडाशी ने आणि विसरून जा. रबरी अळीवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. खाल्ल्यावर रबर निघालं तर ती थुंकत नाही का, हे त्यांनी तीन वेळा विचारलं. दिघोऱ्यांनी तिन्ही वेळा लिहून घेतलं.

मला मात्र हे बघवेना. बाबा इतकं जीव तोडून शिकवताहेत आणि ह्यांना एक मासा लागत नाही. एक मासा लागला, त्याचा फोटो गेला, की म्हातारा माणूस खूश होईल, उठून तळ्यावर जाईल, असा माझा हिशेब. म्हणून मार्चमध्ये दर रविवारी मीही काठावर उभी राहू लागले. बाहेर दोनच माणसांना एकत्र यायची परवानगी होती, आणि अंतर दीड मीटर. दिघोरे काठी आडवी धरून ते मोजायचे.

त्यांची पद्धत पाहणं हे एक कामच होतं. ऑडिटर टाकायचा. तो तळाशी जाईपर्यंत आकडे मोजायचे. मग मनगट एवढंसं हलवायचं, आणि पुन्हा वीसपर्यंत मोजायचं. मी मध्ये बोलले की पुन्हा एकपासून. थंडीनं माझे पाय लाकूड व्हायचे. मी म्हणायचे, अहो, एकदा मॅनेजरला तरी पाठवा. ते म्हणायचे, मॅनेजर मीटिंगमध्ये आहे. मी भाषणंही पुष्कळ दिली. तुमचे दिवस संपत आलेत, तिकडे तो माणूस वाट बघतोय, जरा मन लावून धरा. दिघोरे ऐकून घ्यायचे आणि एकपासून मोजायला लागायचे.

मार्चचा शेवटचा रविवार उजाडला. बंदीला तीन दिवस उरलेले. ऊन चांगलं होतं. पुलापलीकडच्या दगडी काठाशी, जिथं ऊन थेट पडतं तिथं, त्यांनी ऑडिटर सोडला. चौदापर्यंत मोजून झालं आणि काठीचं टोक वाकलं.

मी ओरडले असेन. रस्त्यावरची दोन कुत्री थांबली, एवढं आठवतं. दिघोरे शांत होते. त्यांनी काठी उंच धरली, दोर ढिला पडू दिला नाही, माशाला दोन फेऱ्या मारू दिल्या आणि खाली वाकून, हात आधी पाण्यात भिजवून, त्याला अलगद उचललं. दोन वितींच्या आसपास असेल. ते पट्टे, ते लाल पर, सगळं सांगितलं होतं तसं. उन्हात तो इतका नवा दिसत होता की मी दीड मीटर विसरून जवळ गेले. फोन काढला. म्हटलं, असाच धरा, बाबांना पाठवू.

"फोटो नको, ताई."

एका बोटानं पाठीचे काटे दाबून, दुसऱ्या हातानं त्यांनी गळ काढला. एका झटक्यात, न बघता. मासा पाण्यात सोडला आणि तो निघून जाईपर्यंत हात तसेच खाली ठेवले. मी त्या हातांकडे बघत राहिले. पहिला मासा लागलेल्या माणसाचे हात असे नसतात.

मी विचारलं, हा कितवा?

"नववा."

मला राग आला. खरं सांगते, चांगलाच आला. चार रविवार मी इथं गारठत उभी होते. मी म्हटलं, तुम्ही मला फसवलंत ते जाऊ द्या, त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला?

दिघोरे काठीवरचं पाणी पुसत राहिले. मग म्हणाले, पहिला लागला तेव्हा लगेच फोन केला होता. बाबा म्हणाले, बरं झालं, जमलं तुला. आणि फोन वहिनीकडे दिला. पुढचे चार दिवस पुन्हा हो आणि जेवलो. पाचव्या दिवशी दिघोऱ्यांनी सांगितलं की तो चुकून लागला होता, आता लागतच नाही. तेव्हा बाबा खाटेवर उठून बसले.

एवढं बोलून होतंय तोवर दोन वाजले आणि फोन वाजला. वहिनीनं फोन बाबांपुढे धरला. दाढीचे पांढरे खुंट, खांद्यावर टॉवेल. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"लागला का, बाबू?"

"नाही, बाबा."

"आजबी नाही?" बाबांनी डोळे बारीक केले. "तुह्या संगं कोन हाय? त्या पोरीले दे."

दिघोऱ्यांनी फोन माझ्याकडे केला. त्यांच्या बाहीतून अजून पाणी ठिबकत होतं. बाबा म्हणाले, हा लहानपणापासून हुशार, पण ह्याला हाताचं काम येत नाही. तू खरं सांग बाई, हा करतो तरी बरोबर का?

माझ्यासमोर पाणी अजून हलत होतं.

"नाही, काका," मी म्हटलं. "काहीच जमत नाही त्यांना."

म्हातारा हसला. दात दोन-तीनच होते. म्हणाला, असं सांगून त्याला कळायचं नाही, हातानं करून दाखवायला पाहिजे. मग तिकडेच वळून वहिनीला विचारू लागला की गरी कुठे ठेवली आहे, आणि उद्या सकाळी तळ्यावर फोन धरायला ती येईल का. दिघोरे दीड मीटरवरून पुढे झुकले आणि म्हणाले, बाबा, मास्क लावून जा.

"तिथं कोन हाय रे, मासोळ्याईले दाखवू का मास्क?" बाबा म्हणाले, आणि पुन्हा वहिनीशी बोलायला लागले. गरी भिंतीच्या फटीत असेल, नाहीतर कोनाड्यात. आमचा त्यांना विसर पडला होता. फोन कोणीतरी खाटेवर पालथा ठेवला. नुसते आवाज येत राहिले, फळी सरकवल्याचा, भांडं पडल्याचा, बाबांचा. दिघोऱ्यांनी फोन बंद केला नाही. आपोआप बंद होईपर्यंत कानाशी धरून उभे राहिले.

मग आम्ही सामान आवरलं. पुलाशी आल्यावर मी विचारलं, तीन दिवसांनी बंदी सुरू. दोन महिने त्यांना काय सांगणार?

"आता ते सांगतील," दिघोरे म्हणाले.