सोवळ्यासोबत एक ट्यूब

उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळाचं रेशमी सोवळं एकच. दर चतुर्थीला नवा यजमान ते नेसतो आणि पूजा आटोपताच सहीनिशी पुढच्याच्या ताब्यात देतो. ठराव क्रमांक सात अन्वये त्याला साबण व गरम पाणी वर्ज्य आहे. कारण, 'पावित्र्यास बाधा'.

भय्यासाहेब आषाढात ते नेसले आणि श्रावणात त्यांच्या कमरेवर लाल, खाजरं कडं उमटलं. भाद्रपदातली मोठी पूजा अकरा वर्षं वाट पाहून त्यांच्या वाट्याला आली होती. चारशे माणसांसमोर तीन तास बसायचं, तेही न खाजवता! बिचाऱ्यांची झोप उडाली.

फ्रीगंजातल्या औषधवाल्याने न बघताच ट्यूब काढून दिली. "अंकल, तीन दिन में आराम. आपके मंडल के सब यही ले जाते हैं."

तिसऱ्या दिवशी खरंच आराम पडला. ट्यूब बंद केली, तशी खाज दुप्पट जागा व्यापून परतली. चौथ्या ट्यूबनंतर ते पुतणीकडे गेले. श्रुती त्वचेची डॉक्टर.

"काका, यात बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड आहे. त्याने खाज गप्प बसते, बुरशी मात्र पसरत जाते. फारच सूज असेल तर थोडे दिवस चालतं, तेही डॉक्टरने सांगितलं तर. हे एकदम बंद. नुसतं बुरशीचं औषध लावा, महिनाभर. दुसऱ्या कुणाचं काही नेसता का?"

"छे! सोवळं तेवढं."

"तेच गरम पाण्यात धुवा. नाहीतर पूजेला घरचं नेसा."

"घरचं नेसून यजमान कसला गं?"

पूजेच्या सकाळी त्यांनी तीच जुनी ट्यूब अर्धी फासली, न धुतलेलं सोवळं नेसले आणि तीन तास दगडासारखे बसले. "काय ही एकाग्रता!" बायका म्हणाल्या.

पण सोवळं तसंच पुढच्याच्या हाती दिल्याचं मन खात होतं. पुढच्या सभेत त्यांनी धीर करून सोवळं धुण्याचा विषय मांडला आणि कारणही सांगून टाकलं. सगळे माजी यजमान खुर्चीत चुळबुळले.

"भय्यासाहेब, बात तुमची बरोबर," अध्यक्ष अनिलराव म्हणाले, "पण ठराव सात वडिलांच्या काळचा. त्यापेक्षा सोवळ्यासोबत मंडळातर्फे एक ट्यूब देऊ. अनुमोदन?"

अनुमोदन भय्यासाहेबांनीच दिलं. ठराव एकमताने पास झाला. प्रत्येकाचा एकच हात वर होता. दुसरा कमरेशी गुंतला होता.

हसताय ना? हसा. फक्त तुमच्या घरातली ती ट्यूब कोणत्या डॉक्टरने लिहून दिली होती, तेवढं आठवा. आणि तुम्ही ती पुढे किती जणांना सुचवलीत, तेही.