उमेदवार 'क' आणि दोन हट्टी स्टेकहोल्डर

पुस्तिकाकारांनी त्या सकाळी ठरवलं होतं ते एवढंच, की सीव्हीतली जन्मतारीख काढून टाकायची. बाकी कशाला हात लावायचा नाही. (मोठी संकटं अशीच सुरू होतात. घर पाडायचंय म्हणून कुणी भिंतीत खिळा ठोकायला घेत नाही.)

पुस्तिकाकार म्हणजे, नवं यंत्र घेतल्यावर खोक्यात जी बारीक अक्षरातली पुस्तिका निघते आणि जी आपण न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकतो, ती लिहिणारा माणूस. हे काम ते बरीच वर्षं स्वतंत्रपणे, म्हणजे फ्रीलान्स, करत होते. आज पंपाची पुस्तिका, उद्या इस्त्रीची, परवा दवाखान्यातल्या वरखाली होणाऱ्या खाटेची. न वाचले जाणारे लेखक जगात पुष्कळ असतात, पण लाखांनी खपूनही न वाचला जाणारा लेखक हा एकच असावा.

अलीकडे मात्र कामं आटली होती. सासरेबुवांचं रंगाचं दुकान होतं. त्यांनी मोठ्या प्रेमानं निरोप पाठवला होता, "महिनाअखेरपर्यंत काही जमलं नाही, तर सरळ या आणि काउंटरवर बसा. आपलंच दुकान आहे." उरलेलं आयुष्य सासऱ्यांच्या नजरेखाली डिस्टेंपर ढवळत काढायचं, या विचारानं पुस्तिकाकारांना दोन रात्री झोप लागली नाही. तेव्हा काम मिळवणं भाग होतं, आणि त्यासाठी निदान कागदावर तरी तरुण दिसणं भाग होतं.

जन्मतारीख खोडत असतानाच मेहुणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. लोकांना नोकऱ्या कशा मिळवायच्या ते शिकवणं हा त्याचा धंदा होता. (स्वतःची नोकरी सुटल्यावर त्यानं तो सुरू केला होता.) त्यानं कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला.

"'यंत्रांच्या माहितीपुस्तिका सोप्या भाषेत लिहितो. काम वेळेत देतो.' भावोजी, हा सीव्ही आहे की दुकानावरची पाटी?"

"अरे, पण मी करतो तेच आहे ते."

"तुम्ही काय करता याच्याशी कुणाला काय करायचंय? नोकरदाराला विचारतात, कुठे होतात. फ्रीलान्सरला विचारतात, तुमच्यामुळे फरक काय पडला. सांगा, तुमची टीम किती जणांची?"

"मी एकटाच."

"मग टायपिंग कोण करतं?"

"मीच."

"चित्रं? तपासणी? बिलं?"

"सगळं मीच."

"लिहा," मेहुणा डोळे मिटून म्हणाला, "'अनेक विभागांचं एकहाती नेतृत्व.'"

यानंतर पुस्तिकाकारांच्या हातात काही उरलं नाही. गेल्या वर्षी त्यांनी इमारतीत 'लिफ्ट बंद आहे, जिना वापरा' असा कागद चिकटवला होता. त्याचं 'वाहतूक ठप्प झाली असता शेकडो नागरिकांशी यशस्वी संवाद' झालं. पायाचा अंगठा मोडून ते घरी पडून होते, तो काळ 'स्वतंत्र संशोधनाचा' ठरला. 'काम वेळेत देतो' याचं 'आजवर एकही डेडलाइन चुकवलेली नाही' असं झालं.

"एवढी मोठी थाप?" पुस्तिकाकार घाबरून म्हणाले.

"थाप नाही, पोझिशनिंग. बरं, भांडणं सोडवायचा काही अनुभव?"

"घरात टीव्हीच्या रिमोटवरून आईचं आणि तुझ्या ताईचं जुंपतं. मी दोघींनाही तू बरोबर आहेस म्हणून सांगतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो."

"वा! लिहा. 'दोन अत्यंत हट्टी स्टेकहोल्डरांमध्ये प्रदीर्घ काळ समतोल राखला.'"

"आणि आईसाठी मी वॉशिंग मशिनवर एक कागद लिहून चिकटवलाय, तो—"

"छे छे. घरगुती गोष्टी सीव्हीत लिहायच्या नसतात."

योगायोगानं त्याच आठवड्यात एका एजन्सीची जाहिरात आली होती. कुठल्याशा नामांकित कंपनीला 'डॉक्युमेंटेशन ट्रान्सफॉर्मेशन कन्सल्टंट' हवा होता, वर्षभराच्या करारावर. म्हणजे नेमकं काय, हे पुस्तिकाकारांना कळलं नाही. पण आता आपल्या सीव्हीतही तसंच काहीतरी होतं, तेव्हा जमेल असं वाटून त्यांनी तो पाठवून दिला. एजन्सीनं रिवाजाप्रमाणे वरचं नाव आणि फोन नंबर काळ्या शाईनं झाकले, म्हणजे कंपनीनं दलाली बुडवून परस्पर माणूस गाठायला नको. नावाच्या जागी छापलं, 'उमेदवार क'.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी पुस्तिकाकार कपड्यांना इस्त्री करत होते आणि बायको ऑफिसचे कागद चाळत बसली होती. पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ती तक्रार विभाग सांभाळायची. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन आलेल्या बायकोशी संध्याकाळी जपून बोलायचं असतं, एवढं शहाणपण पुस्तिकाकारांकडे होतं.

"अहो," ती एकदम म्हणाली, "जगात माणसं कुठल्या कुठे पोचलीत बघा. आमच्याकडे एक कन्सल्टंट घेणार आहेत, त्याचे सीव्ही आलेत. मला कमिटीवर घातलंय. हा एक आहे, उमेदवार क. ऐका. 'अनेक विभागांचं एकहाती नेतृत्व.'"

इस्त्री शर्टाच्या बाहीवर जागच्या जागी थांबली.

"'वाहतूक ठप्प झाली असता शेकडो नागरिकांशी यशस्वी संवाद.' म्हणजे मोठं काहीतरी झालं असणार, पूर वगैरे. आणि हे बघा, 'आजवर एकही डेडलाइन चुकवलेली नाही.' नाहीतर आपल्या बाथरूमचा बल्ब! महिना झाला, मी अंधारात आंघोळ करतेय."

"अगं, तो उमेदवार—"

"थांबा हो, मुख्य तर पुढेच आहे. 'दोन अत्यंत हट्टी स्टेकहोल्डरांमध्ये प्रदीर्घ काळ समतोल राखला.'" तिनं कागद मांडीवर ठेवला आणि उसासा टाकला. "बिचारा! कोण असतील हो ती दोघं? किती छळलं असेल त्याला! आणि यानं तोंडातून ब्र काढला नसेल. असा एक माणूस आपल्या घरात असता ना, तर तुमच्या आईशी माझं एकदाही वाजलं नसतं."

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पुस्तिकाकारांनी तोंड उघडलंही. पण बायकोच्या डोळ्यांत जे कौतुक दिसत होतं, ते त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. ते आपल्यासाठीच आहे म्हणून त्यांना गुदगुल्या झाल्या, आणि आपल्यासाठी नाही म्हणून ते जळून खाक झाले. तेवढ्यात शर्टाची बाहीही जळली.

"काय करताय! लक्ष कुठे आहे?" बायको ओरडली. "त्या उमेदवार क ची बायको किती सुखात असेल!"

पुढचे दिवस पुस्तिकाकारांनी स्वतःच्याच सवतीसोबत काढले म्हणायला हरकत नाही. दूध उतू गेलं की उमेदवार क आठवायचा. किल्ली विसरली की उमेदवार क. आईसुद्धा एकदा म्हणाली, "तो कोण मुलगा आहे म्हणे हिच्या ऑफिसात, फार कर्तबगार. बघ, शीक काहीतरी." एजन्सीकडून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा जाऊच नये, असं त्यांनी अनेकदा ठरवलं. पण डोळ्यांसमोर डिस्टेंपरचा डबा यायचा आणि ते पुन्हा बुटांना पॉलिश करायला बसायचे.

मुलाखतीच्या दिवशी ते ती जळकी बाही कोटाखाली लपवून गेले. लांब टेबलामागे तिघं होती. मध्ये कंपनीचे साहेब, एका बाजूला चष्मा लावलेल्या भरती-अधिकारी बाई, आणि दुसऱ्या बाजूला उमेदवार क ची वाट बघत, नवी साडी नेसून, खुद्द बायको.

"अहो!" ती म्हणाली.

अहो अनेक प्रकारचे असतात. दुकानदाराला हाक मारायचं अहो वेगळं, रस्त्यातल्या अनोळखी माणसाला थांबवायचं वेगळं. हे अहो ऐकल्यावर खोलीत कुणाला शंका उरली नाही.

"आमचे हे," बायको कसंबसं म्हणाली. "साहेब, मला खरंच माहीत नव्हतं. सीव्हीवरून ओळखूच आले नाहीत. मी बाहेर बसते."

"बसा, बसा. तुमचं मत मोजायचं नाही, बस्स," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच उजळला होता. "एरवी उमेदवाराच्या ओळखीच्या माणसाकडे चौकशी करायला फोन लावावा लागतो, तो खर्च वाचला."

भरती-अधिकारी बाईंनी चष्मा सावरला. त्यांना घरगुती बाबींत रस नव्हता. "हे दोन अत्यंत हट्टी स्टेकहोल्डर. जरा सविस्तर सांगाल?"

पुस्तिकाकारांनी जळकी बाही कोटात आणखी आत ढकलली. "एक होत्या जरा वयस्कर."

"आणि दुसरे?"

"दुसऱ्या... फार समजूतदार होत्या."

"इथे 'अत्यंत हट्टी' लिहिलंय."

"ते मी नाही लिहिलं. माझ्या सल्लागारानं लिहिलं."

"सल्लागार कोण?"

"यांचा भाऊ," पुस्तिकाकार बायकोकडे बोट दाखवून म्हणाले.

बायकोनं सीव्ही हातात घेतला आणि ती ओळ पुन्हा एकदा सावकाश वाचली. ज्या बिचाऱ्याची तिनं आठवडाभर कीव केली होती त्याला छळणारी बाई कोण, हे आता तिला कळलं होतं. पुस्तिकाकारांना खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटत होतं.

"मॅडम," साहेब हसू दाबत म्हणाले, "यातलं खरं किती?"

"काहीच नाही, साहेब," बायको म्हणाली. पुस्तिकाकारांना रंगाच्या दुकानाचा वास आला. "पण जे खरं आहे ते यात लिहिलेलंच नाही. आमच्या सासूबाई वॉशिंग मशिनला हात लावायला घाबरायच्या. यांनी मोठ्या अक्षरात एक कागद लिहून त्यावर चिकटवला. पहिलीच ओळ आहे, 'घाबरू नकोस, हे फुटत नाही.' सासूबाईंनी त्याच दिवशी मशिन लावलं. आता त्या मलाच शिकवतात, आणि मी काही चुकले की कागदावर बोट ठेवतात. साहेब, मी दिवसभर फोन घेते ना, त्यात निम्मी माणसं रडकुंडीला येऊन विचारतात, फिल्टर कुठल्या बाजूला फिरवायचा. आपल्या पुस्तिकेत पान पलटून पलटून सापडत नाही ते."

साहेब भरती-अधिकारी बाईंकडे वळले. "बाई, आपल्याला हवंय काय नेमकं? पुस्तिका सोप्या लिहिणारा माणूसच ना?"

"हो. पण तसं लिहिलं असतं तर जाहिरातीला वजन आलं नसतं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कपाटावरचं पाण्याचं यंत्र टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "लिहा. मला यातला ओ की ठो कळत नाही."

पुस्तिकाकारांनी स्वतःच्या सीव्हीची कोरी बाजू वर केली, यंत्र आतून-बाहेरून न्याहाळलं आणि लिहायला बसले. तेवढा वेळ त्यांना ना बायको दिसली, ना सासरे. मग साहेबांनी कोट काढला, कागद वाचत वाचत फिल्टर बदलला, नळ सोडला आणि ग्लासभर पाणी पिऊन लहान मुलासारखे खूश झाले. काम पुस्तिकाकारांना मिळालं. अट एकच होती, प्रत्येक पान छापण्याआधी तक्रार विभाग तपासणार.

मेहुण्याचा फोन आला. "बघितलंत भावोजी? सीव्हीची कमाल!" (त्यानं स्वतःच्या जाहिरातीत 'शंभर टक्के यश' असं त्याच दिवशी घातलं.)

संध्याकाळी पुस्तिकाकार तरंगतच घरी आले. बायको कपाटात काहीतरी जपून ठेवत होती. जवळ जाऊन बघतात तो सीव्ही. त्यांना अगदी भरून आलं.

"अगं, हा कशाला ठेवतेस आता?" ते लाजून म्हणाले.

"असू दे," बायको कपाट लावत म्हणाली. "काम तुम्हाला मिळालं, तो उमेदवार क बिचारा मोकळाच राहिला की. उद्या त्याला विचारून बघते, बाथरूमचा बल्ब लावायला येतो का."