दातारकाकांचा गळका जेसीबी

आमच्या मजल्यावर कुणाला ताप आला की डॉक्टरांच्या मागोमाग दातारकाका हजर. कसं वाटतंय, काय झालं, असलं काही विचारायचे नाहीत. दारातूनच म्हणायचे, "इंजेक्शन दिलं का? सिरिंज केवढी होती? सुई फेकून द्या, सिरिंज मला द्या."

मला एकदा घरीच सलाईन लावलं होतं. काका भेटायला आले आणि माझ्याकडे न बघता वर नळीकडे बघत बसले. "छान नळी आहे," म्हणाले. "झालं की टाकू नका." सलाईनचं झालं की माझं, असं अगदी ओठावर आलं होतं, पण मला पटकन बोलायला जमत नाही. बोलायचं ते माणूस निघून गेल्यावर सुचतं.

हा सगळा खटाटोप शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी. काकांना मूलबाळ नव्हतं, पण आमच्या धायरीच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या मुलांचं मॉडेल काकाच करून घ्यायचे. मॉडेल एकच, जेसीबी. दोन सिरिंजा, मध्ये नळी, आत शाईचं निळं पाणी. इकडची सिरिंज दाबली की तिकडची उठते आणि पुठ्ठ्याचा हात वर जातो. मी चौथी शिकलेली, पण तेवढं मलाही कळायचं. कारण काका ते जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, कुठेही समजावून सांगत. "पाणी दबत नाही. हवा दबते." माणसांचीही त्यांनी तशीच वाटणी केली होती. सोसायटीचे चेअरमन हवा. चेअरमनांचे जावई तर नुसतीच हवा. मला एकदा म्हणाले, "वहिनी, तुम्ही पाणी. इथे दाबलं तर कुठेतरी भलतीकडेच उठणार." मी घरी येऊन बराच वेळ त्याचा विचार केला.

काकांच्या जेसीबीला एकच खोड होती. तो गळायचा. दोन-चार दिवसांत त्याचा हात हळूहळू मान टाकायचा आणि पोरं जिन्यातून ओरडत सुटायची, "आजोबा, हात पडला!"

"पडणारच," काका दारातूनच गुरकावत. "तू घोड्यासारखा दामटला असशील. ये आत."

मग तास तास त्यांच्या घरातून आवाज यायचे. मुलं बाहेर यायची ती शाईने माखून. मुलांच्या आया वैतागायच्या. माझी सून शिल्पा तर एकदा तोंडावरच बोलली, "काका, नोकरीत असताना खडकीच्या कारखान्यात तोफासुद्धा अशाच गळक्या करायचात का हो?"

"तोफा मी केल्या नाहीत," काका शांतपणे म्हणाले. "तोफा करणाऱ्यांच्या रजा लिहिल्या. त्या गळल्याची तक्रार नाही."

पुढे माझ्या मुलाचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, खराडीला गेलं. रोजच्या ट्रॅफिकला कंटाळून तो, शिल्पा आणि माझी नात सई तिकडेच राहायला गेले. मी इथेच राहिले. रविवारी येतो म्हणाले होते. येतातही, जमेल तसे.

यंदा प्रदर्शनाचे दिवस आले तसे काका दार सताड उघडं ठेवून समोर खुर्ची टाकून बसू लागले. मांडीवर नळीचं भेंडोळं. माझं दार त्यांच्या समोरच, त्यामुळे मला सगळं दिसे. मुलं खोके काखेत मारून वर जायची.

"आजोबा, आमचं मॉडेल ऑनलाइन आलं!"

"छान. गळतं का?"

"नाही."

"वाईट," काका म्हणायचे.

असं चार-पाच घरांचं झालं. आता बिल्डिंगमध्ये यायचं राहिलेलं मूल उरलं नाही, तरी काका बसलेलेच. एका दुपारी बघितलं तर नळीचं भेंडोळंही खाली ठेवलेलं. हात नुसते मांडीवर.

मला राहवेना. कपाटावर सईचा जुना जेसीबी होता. तो पुसला, पदर सावरला आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. जेसीबी पुढे केला.

"गळतोय," मी म्हणाले.

त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "यात पाण्याचा थेंबही नाही, वहिनी."

"तेच म्हणते. सगळं गळून गेलं."

"सई तर खराडीला. मग दुरुस्त करून काय करणार?"

मी जेसीबी परत घेऊन पदराने पुसू लागले. काका खुर्चीतून उठले. "या आत," म्हणाले.

आतल्या खोलीत काकूंची कॉट तशीच होती. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. कॉटच्या कडेला एक सिरिंज बांधलेली, तिची नळी भिंतीवरून थेट स्वयंपाकघरात गेलेली. आत निळं पाणी काठोकाठ.

"शेवटी हिची वाचा गेली होती," काका म्हणाले. "अंगठा तेवढा चालायचा. इथे दाबलं की तिकडे ओट्यावर झेंडा उठतो. मग मी यायचो."

"आणि हे गळत नाही?"

"हे गळून कसं चाललं असतं?"

मी हातातल्या जेसीबीकडे पाहिलं. काकांनी तो माझ्याकडून काढून घेतला. "मुलांच्या वेळी माझा हात थरथरतो," म्हणाले आणि नळीची गाठ सोडू लागले. त्यांचा हात अगदी स्थिर होता.

"उद्या न्यायला या. बसा, चहा टाकतो."

ते स्वयंपाकघरात गेले. मी कॉटवर टेकले. मला चहात साखर चालत नाही, पण परक्या घरात ओरडून सांगणं काही जमेना. समोर सिरिंज होती. मी हळूच दाबली.

आतली भांडी एकदम गप्प झाली.

"आलो गं, आलो," आतून आवाज आला.

काका गाळणं हातात घेऊन दारात आले आणि मला बघून थबकले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"साखर... नको होती," मी म्हणाले.

"बरोबर केलंत," काका म्हणाले. "त्यासाठीच आहे ते."

जेसीबी दुसऱ्या दिवशी मिळाला. मी तो टीव्हीशेजारी, समोर दिसेल असा ठेवला. हात ताठ वर. रविवारी कुणी आलं नाही. सोमवारी भाजी निवडताना पाहिलं, तर हात निम्मा खाली आला होता आणि टेबलावर निळा ओघळ.

मी भाजी तशीच ठेवली, जेसीबी उचलला आणि दार ओढून घेतलं. समोरचं दार उघडंच होतं.